बाया सरळ केल्या

मामांच्या घरी माझ्या कामाला रंगकाम म्हणत. मी पहिल्याच आठवड्यात ते नीट समजावून सांगायला हवं होतं, पण सांगताना माझंच अडायचं. जुना व्हिडिओ गेम असतो, तो जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा, आताच्या मोठ्या पडद्यावर त्यातली माणसं नुसते चौकोन दिसतात, म्हणून चित्रं नव्याने काढायची, आवाज नव्याने भरायचे आणि खेळ मात्र होता तसाच ठेवायचा. ह्याला रिमास्टर म्हणतात, एवढंच मला सांगायचं होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे, त्यामुळे ऐकून घेण्याची त्यांना सवय होती. "म्हणजे जुन्या गाडीला नवा रंग मारतात तसं," ते म्हणाले. मी हो म्हणाले. मग सातपूरच्या आमच्या गल्लीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं की भाची कॉलेज रोडला रंगकामात आहे, आणि दिवाळीच्या आधी दोन घरांतून मला भिंती बघून जायचा निरोप आला.

घर दोन खोल्यांचं होतं आणि त्यातली एक मामीच्या नागलीच्या पापडांची होती. माणसं उरलेल्या जागेत राहत. सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला लागलं की घरभर हिंगाचा आणि पापडखाराचा वास पसरायचा, मग मामी पीठ घालून उकड काढायची, परातीत ओतायची आणि गरम असतानाच तेलाचा हात लावून मळायला घ्यायची. त्या मळण्याचा एक आवाज होता. ओला, जड, मध्येच हवा अडकून फुस्स करणारा. माझं अंथरूण परातीपासून दोन हातांवर असल्याने मला उठवायचं काम तो आवाजच करायचा. नाश्त्याला बहुतेक दिवस त्याच उकडीचा गोळा आणि कच्चं तेल असायचं, आणि तुटलेले पापड भाजून रात्रीच्या भाताबरोबर. कॉलेजच्या तीन वर्षांत मी किती तुटके पापड खाल्ले असतील ते सांगता येणार नाही. अख्खा पापड मी त्या घरात कधी खाल्ल्याचं आठवत नाही. तो विकायचा असायचा, आणि मला तुटकेच जास्त आवडतात असं मी एकदा बोलून गेले होते.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच. गाव घोटीच्या बाजूला, भाताचं. मी अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला जाते म्हणजे काय करते हे वडिलांनी कधी विचारलं नाही. शिकतेय ना, मग झालं, असा त्यांचा हिशोब. शेवटच्या वर्षी सहा महिने एखाद्या ठिकाणी शिकाऊ म्हणून काम करायचं आणि त्या ठिकाणचं पत्र कॉलेजात द्यायचं, तरच निकाल लागणार, असा नियम होता. पत्रावर मालकाची सही लागे आणि ज्याच्या हाताखाली काम केलं त्याची. कॉलेज रोडला चष्म्याच्या दुकानाच्या वर एक स्टुडिओ होता, त्यांनी मला घेतलं. मालकांना सगळे सर म्हणत. ज्याच्या हाताखाली मी होते तो निखिलदादा, सटाण्याचा, गेमचा प्रोग्राम लिहायचा. आणखी तिघं होती, पण ती कानाला हेडफोन लावून बसत आणि माझी त्यांची ओळख त्यांच्या पाठीमागूनच जास्त झाली.

पहिल्या दिवशी सरांनी मला एक वाक्य सांगितलं. जे चुकलंय ते सुधारायचं आणि जे जुनं आहे ते ठेवायचं. मी ते वहीत लिहून घेतलं. चुकलेलं कोणतं आणि जुनं कोणतं हे कसं ओळखायचं ते विचारायला हवं होतं, पण पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला तर ह्या मुलीला काही येत नाही असं वाटेल म्हणून विचारलं नाही. आता माझ्याकडे शिकाऊ मुलं येतात तेव्हा मीही त्यांना हेच वाक्य सांगते. तीही लिहून घेतात आणि विचारत नाहीत.

आम्ही करत होतो त्या गेमला ऑफिसात नुसतं 'पोस्टमन' म्हणत. कुठल्याशा थंड देशातल्या दोघांनी तो पंचवीसेक वर्षांपूर्वी बनवला होता आणि तिकडे तो लहानपणी खेळलेले लोक अजून त्याची आठवण काढत. एक पोस्टमन असतो, त्याला डोंगरातल्या गावांत पत्रं पोचवायची असतात. मारामारी नाही, राक्षस नाहीत. वाटेत भेटणारी माणसं गप्पा मारत बसतात आणि त्याला उशीर होतो, एवढाच धोका. अकराव्या टप्प्यात भाताचं खाचर होतं. त्यात चार बाया वाकून रोपं लावत डावीकडून उजवीकडे जात आणि पोस्टमनला त्यांच्या पाठीमागून गुपचूप पलीकडच्या बांधावर पोचायचं असे. एखादीच्या समोर आला की दिसला. मग चौघी काम सोडून त्याच्याभोवती जमत, आमचं पत्र कुठंय विचारत, संध्याकाळ होई आणि टप्पा पहिल्यापासून.

मला आधी आवाज दिले होते. जुन्या गेममध्ये चिखलात चालण्याचा आवाज पत्र्यावर खडा पडल्यासारखा होता. मी मामीच्या परातीशेजारी मोबाइल ठेवून उकड मळण्याचा आवाज भरून घेतला. मामीला ते पटलं नव्हतं. "मने, हा फोन पिठात पडला ना, तर लाटून वाळत घालीन," ती म्हणाली. तो आवाज सरांना आवडला आणि पसंत झाला. आजही तो गेम कुणी खेळत असेल तर त्यातला पोस्टमन जिथे जिथे चिखल तुडवतो तिथे तो माझ्या मामीची उकड तुडवतो. मामीला हे मी सांगितलं, तेव्हा तिने चपला घालून का, एवढंच विचारलं.

आवाज बरे झाले म्हणून मला त्या चार बाया मिळाल्या. जुन्या गेममध्ये प्रत्येक बाईची तीनच चित्रं होती: वाकलेली, हात खाली, हात वर. ती एकापाठोपाठ एक दाखवत आणि बाई सरकत पुढे नेत. मला त्या तीन चित्रांच्या मधली सगळी हालचाल भरायची होती, म्हणजे बाई खरी वाटेल. मी पहिलीला घेतलं. डाव्या हातात रोपांची मूठ दिली, उजवा हात चिखलात घातला, पाऊल उचललं, आणि तिथे माझं काम थांबलं. ती पुढे जात होती. तोंड उजवीकडे, चालणंही उजवीकडे. म्हणजे आत्ता लावलेल्या रोपावर तिचं पुढचं पाऊल पडणार. तीन चित्रांत ते कळत नव्हतं, मधली हालचाल भरल्याबरोबर कळलं. माझी बाई चार रोपं लावत होती आणि चारही तुडवत होती.

भाताच्या आवणीत, म्हणजे रोपं लावताना, माणूस मागे मागे सरकतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. चालायला लागल्यापासून मी आई, काकू आणि सगळ्या बायांची तोंडं बघत आले, कारण खाचराच्या अलीकडच्या बांधावर बसलं की त्या तोंड आपल्याकडे करून मागे मागे जातात आणि आपल्या व त्यांच्या मध्ये हिरवं वाढत जातं. मी लहानपणी एकदा पुढे पुढे लावायला गेले होते, तेव्हा आईने एक शब्द न बोलता मला दंडाला धरून उलटं फिरवलं होतं. मीही ह्या बायांना तसंच फिरवलं. चालायची दिशा तीच ठेवली, उजवीकडे, फक्त तोंडं डावीकडे केली. आता त्या व्यवस्थित मागे सरकत होत्या आणि लावलेली ओळ त्यांच्यासमोर उभी राहत होती. मला बरं वाटलं. ह्या ऑफिसात इतक्या हुशार लोकांमध्ये मला एकटीला दिसलेली चूक मी सुधारली होती. रोजच्या कामाची एक नोंदवही असे, त्यात आपण काय बदललं ते लिहायचं. मी लिहिलं, 'बाया सरळ केल्या.'

निखिलदादाचा अकरावा टप्पा जुन्या बायांवर तपासून झाला होता, म्हणून नव्या बाया बसवल्यावर पुन्हा कुणी खेळून बघितला नाही. गेम परदेशी कंपनीकडे गेला आणि दोन आठवड्यांनी तिथून उत्तर आलं. बाकी सगळं छान, मात्र अकरावा टप्पा पार होत नाही. त्यांच्याकडच्या सहा माणसांनी दोन दिवस प्रयत्न केला. बायका पोस्टमनला दर वेळी पकडतात.

कुणी कुणाला दिसतो ते ठरवणारा प्रोग्राम निखिलदादाने नव्याने लिहिला होता, त्यामुळे चूक त्याचीच हे सगळ्यांनी धरून चाललं, त्यानेही. सरांनी फोनवर कंपनीला सांगितलं की आमच्या प्रोग्रामरकडून राहून गेलंय, तो बघतोय. सर ओरडणारे नव्हते. ते फक्त दिवसातून तीनदा त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि चष्मा पुसायचे. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः तो टप्पा उघडला. पोस्टमनला बायांच्या पाठीमागे म्हणून नेलं आणि पहिली बाई वाकल्या वाकल्या सरळ त्याच्याकडे बघत होती. ती मागे सरकत होती, म्हणजे तिच्या मागची जागा ही आता तिच्या समोरची जागा होती. पोस्टमन डावीकडच्या बांधावरून निघतो, म्हणजे तो तिच्या डोळ्यांसमोरच येणार. मला सगळं एकदम कळलं आणि मी गेम बंद करून डबा उघडला.

त्याच दुपारी दादा नोंदवही घेऊन बसला. एकेक ओळ मोठ्याने वाचत होता. माझी ओळ आली तेव्हा त्याने मान वळवली. "मनीषा, 'बाया सरळ केल्या' म्हणजे काय?"

"म्हणजे सरळ," मी म्हणाले.

"तिरक्या होत्या का?"

मी मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, ते मला आजही सांगता येत नाही. त्याने हो धरलं आणि पुढची ओळ वाचली.

हे मी आता लिहितेय ते सोपं आहे. तेव्हा माझ्यासमोर ते पत्र होतं. चूक माझी निघाली तर सर सही देणार नाहीत, सही नाही तर निकाल नाही, आणि निकाल नाही तर घोटीला जाऊन वडिलांना काय सांगायचं, की मी बायांना मागे चालवलं म्हणून नापास झाले? मी रोज ठरवून यायचे की आज सांगायचं. मामीच्या परातीपाशी शब्द जुळवायचे, बसमध्ये ते पाठ करायचे, जिना चढताना विसरायचे. त्यात शनिवार आला. रविवारी दादाच्या बहिणीचा साखरपुडा होता, सटाण्याला. सकाळपासून त्याला घरून फोन येत होते. तो अहिराणीत बोलायचा, मला अर्धं कळायचं. शेवटच्या फोनला तो गॅलरीत न जाता जागेवरच बसून राहिला आणि फक्त "काम शे माय, काम शे" असं दोनदा म्हणाला. मग फोन पालथा ठेवून परत अकराव्या टप्प्यात गेला. मी माझ्या जागेवर बसून होते. आमच्या खुर्च्यांमध्ये सहा फूटही अंतर नसेल. मी बोलले नाही. तो रविवारी सटाण्याला गेला नाही.

सोमवारी सांगितलं. जेवायची वेळ होती, त्याने डबा उघडला होता आणि मोबाइलवर साखरपुड्याचे फोटो बघत होता.

"दादा, बाया मी फिरवल्या."

"कुठं फिरवल्या?"

"उलट्या."

त्याने फोटो बाजूला केले. "तू तर सरळ केल्या लिहिलंयस."

"तुमच्यासाठी उलट्या. आमच्याकडे सरळ."

त्याला कळेना. मी त्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन गेले, पेनं घेतली आणि वाकून एकेक पेन फरशीवर ठेवत मागे मागे सरकत गेले. चष्म्याच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक जिन्याने चुकून वर आलं होतं, ते बघत उभं राहिलं. मग मी तेच पुढे पुढे चालत केलं आणि माझ्या पायाखाली पेन आलं. दादाने खाली वाकून ते उचललं.

"म्हणजे जुन्या गेममध्ये त्या पंचवीस वर्षं तुडवत होत्या?"

"हो."

"आणि कुणीच काही बोललं नाही?"

"खेळणारे चिखलात गेले नसतील," मी म्हणाले. मला विनोद करायचा नव्हता. तोही हसला नाही. "आमच्याकडे कांदे लावतात," एवढं म्हणून तो आत गेला, डबा बंद केला आणि सरांच्या केबिनमध्ये जाऊन मीच स्वतःहून त्याला सांगितलंय असं त्याने स्पष्ट सांगितलं. नऊ दिवस तो एका अशा प्रोग्राममध्ये चूक शोधत होता ज्यात चूक नव्हती.

सरांनी मला बोलावलं. पत्राचं काय ते लगेच बोलले नाहीत. कंपनीला कळवायला हवं, मग बघू, म्हणाले. कंपनीने ते त्या दोघांपैकी जी बाई चित्रं काढायची तिला कळवलं. आता ती पंच्याहत्तरीची होती. तिचं उत्तर यायला पाच दिवस लागले आणि त्या पाच दिवसांत मी मामीकडे अख्ख्या पापडांची चळत पाडून तुटक्यांची संख्या बरीच वाढवली. उत्तर आलं तेव्हा सरांनी ते मला समोर बसवून मराठीत वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं की तिने भाताचं शेत कधी पाहिलं नाही. तिच्याकडे एका कॅलेंडरवरचा फोटो होता, चार बाया वाकलेल्या. त्यावरून तिने काढलं. माणसं कुठल्या बाजूला चालली आहेत ते फोटोत कळत नाही. तिने तोंड जिकडे तिकडे पाय, असं धरलं. त्या मुलीला सांगा की मला हे कळलं ते बरं झालं. तरी गेम होता तसा करा, कारण ज्यांनी तो लहानपणी खेळला ते त्या बायांच्या पाठीमागून जायला येतील, आणि त्यांना पाठ दिसली पाहिजे.

"पण सर, ते चूक आहे," मी म्हणाले. त्या ऑफिसात मी सरांना उलट बोललेलं ते एकच वाक्य.

"चूक आहे," सर म्हणाले. "त्यांची आहे. आपण फक्त ती स्वच्छ करून द्यायची." त्यांनी चष्मा पुसला. "सही देतो. बाया मात्र तूच परत फिरव."

त्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तिघी फिरवल्यावर मी दादाला विचारलं की चौथीला तशीच ठेवली तर चालेल का, कडेची आहे, कुणाच्या लक्षात येणार नाही. त्याने ते गंभीरपणे खेळून बघितलं. ती एकटीसुद्धा पोस्टमनला पकडत होती. मी तिलाही फिरवलं. मग पत्र पुढे केलं. त्याने पूर्ण वाचलं, सही केली, तारीख घातली आणि पुढे कुठं काम केलंस तर नोंदीत 'सरळ' हा शब्द लिहू नको, असं सांगितलं. साखरपुड्याबद्दल तो तेव्हाही बोलला नाही आणि नंतरही. बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्याने ऑफिसात सगळ्यांना दिली, मलाही दिली. मी गेले नाही. तोंड दाखवायला लाजले असं मी स्वतःला सांगितलं. जायला हवं होतं.

निकाल लागला तेव्हा मी गावी गेले. वडिलांनी कॉलेजने परत दिलेलं पत्र वाचलं, म्हणजे त्यावरचा शिक्का बघितला, आणि ते सातबाऱ्याच्या पिशवीत नेऊन ठेवलं. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. पोरगी सहा महिने काय करत होती ते बघू तर दे, म्हणाली, म्हणून मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि अकरावा टप्पा लावला. डोंगर उजळले, पाणी चमकलं, चौघी वाकल्या. चिखलाचा आवाज छान येत होता. आईने सूप खाली ठेवलं आणि बराच वेळ बघितलं.

"पुढं चालल्यात गं," ती म्हणाली.

"हां."

"लावलेलं तुडवित्यात की."

मी चिखलाचा आवाज थोडा वाढवला.

"ह्यात तू काय केलंस?"

"त्यांना चालवलं."

आईने माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. चौथी बाई बांधापाशी पोचत आली होती.

"कुठल्या हायेत ह्या बाया?"

"परदेशातल्या," मी म्हणाले.

"तरीच," आई म्हणाली.